औषध न लावलेला आंबा

परवा बेडश्याला, माझ्या अभ्यासाच्या गावी, जाऊन आले... शेवटचं मोजमाप घ्यायला.

आंब्याच्या खोडात शिरून झाड आतून पोखरणाऱ्या किडीवर माझी पीएचडी चालू आहे. तिथल्या डोंगराकडेच्या घरांची, कीड लागलेली झाडं निवडली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना काहीच नाही... तुलनेला तशी झाडं ठेवल्याशिवाय औषधाचा गुण कळत नाही.

कुठल्या झाडाला औषध, हे आपल्या मनाने ठरवायचं नसतं. म्हणून गावातल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर त्या सगळ्या घरांना बोलावून, त्यांच्या संमतीने चिठ्ठ्या टाकल्या. सिंधुमावशींची कोरी निघाली, म्हणजे औषध नाही. त्यांच्या दारातला आंबा मिस्टरांनी लावलेला... आणि ते नुकतेच गेले होते.

मग दर महिन्याला मी टेपने खोडांचा घेर मोजायचे, छिद्रांतून पडलेला भुसा गोळा करून वजन करायचे. औषध लावलेली झाडं सावरत होती. मावशींचा आंबा एका बाजूने वाळत चालला. त्या चहा द्यायच्या, पण झाडाबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत.

दिवाळीनंतर मला राहवेना. बॅगेत औषध घेऊन गेले आणि तारेने पहिलं छिद्र मोकळं करायला वाकले...

"काय करतीस पोरी?" मावशी मागे उभ्या.

"लावते औषध. कुणाला कळणार नाही."

त्यांनी माझं मनगट धरलं. "कोरी चिठ्ठी मला एकटीलाच आलती व्हय? खालच्या आळीच्या पारूबाईलाबी आलती. तिच्या झाडाला लावलंस?"

"नाही."

"मंग माझ्याबी नगं. आमचे ह्ये असते, तर त्यांनीबी न्हाईच म्हणलं असतं."

एवढं बोलून त्या पदराने डोळे पुसत आत गेल्या. मी औषध परत बॅगेत ठेवलं.

परवा अभ्यास संपला, तशी राहिलेल्या सगळ्या झाडांना औषध लावलं. पारूबाईंचं झाड तगेल असं वाटतंय. मावशींचा आंबा मात्र गेला... पार शेंड्यापर्यंत वाळलाय.

मावशी खोडाला हात लावून उभ्या होत्या. "कामी आला न्हवं?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणाले.

औषध खरंच लागू पडतं, हे आज मी खात्रीने सांगू शकते, ते अशा झाडांमुळे. थिसिसमध्ये त्या आंब्याला फक्त एक नंबर असेल. म्हणून इथे लिहून ठेवते... तो सिंधुमावशींच्या मिस्टरांनी लावला होता, आणि त्याला वाचवता येत असताना मावशींनी नको म्हटलं होतं.