चाकातली उदबत्तीची काडी

आमच्या गावच्या सहकारी दूध संघाच्या जुन्या ऑफिसात एक फोटो टांगलेला आहे. तो नजरेला पडला की मी आजही तोंड फिरवतो. गळ्यात हार घातलेले, उद्घाटनाला आलेले साहेब फीत कापतायत, शेजारी चेअरमन दात काढून उभे, आणि दोघांच्या मधे टेबलावर आमचं लाल-पिवळ्या ठोकळ्यांचं घड्याळ. काटे अकराच्या जरासे अलीकडे.

ते घड्याळ मी आणि माझ्या मुलीनं बनवलं होतं. मी केज तालुक्यात शाळेवर विज्ञान शिकवायचो, ती सहावीत होती. पुण्याच्या मेहुण्याची पोरं मोठी झाली, तेव्हा त्यानं त्यांचे खेळण्यातले प्लास्टिकचे ठोकळे आणि दातेरी चाकं पोतंभर पाठवून दिली. दुष्काळाचा उन्हाळा, दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. आम्ही बापलेक फरशीवर पालथे पडून जोडाजोड करायचो. दोरीला लटकवलेलं वजन खाली येता येता चाक ओढणार, आणि लंबक हलला की चाकाचा एकच दाता पुढं सुटणार, एवढंच त्यातलं गुपित. वजनासाठी मी बाटलीत पाणी भरायला गेलो तर बायको कडाडली, "टँकरचा पत्ता न्हाई, आन् तुमी पाणी टांगून ठिवता?" मग कोरड्या नदीतली वाळू भरली. वाळूला काय तोटा!

लंबक सारखा अडायचा. मुलगी चिडायची, रडायची, सगळं उकलून पुन्हा जोडायला बसायची. अखेर एक दिवस, मधे मधे दोरी गुंडाळत, सकाळी लावलेलं घड्याळ संध्याकाळच्या बातम्यांना बरोबर जुळलं, तेव्हा ती गल्लीभर नाचली. पण बघायला कुणी येईना. खेळण्याचं घड्याळ कुठं चालतं का, म्हणायचे. तिनं एकच ध्यास घेतला, सगळ्या गावानं ते चालताना बघायला पाहिजे.

तेवढ्यात संघाच्या नव्या यंत्राचं उद्घाटन निघालं. दूध थंड करायचं यंत्र. जनावरं चारा छावणीत, गोठे ओस, थंड करायला दूधच नव्हतं. पण उद्घाटन होतं. चेअरमन घरी येऊन म्हणाले, "मास्तर, पोरीचं घड्याळ स्टेजवर मांडा की. पेपरात फोटो येईल." मुलीला त्या रात्री झोप लागली नाही.

मुहूर्त होता अकराच्या आतला. सकाळी प्यायच्या पाण्याचा टँकर आला, तो साहेबांच्या गाडीखाली धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर शिंपडून रिकामा केला. घागरी घेऊन आलेल्या बाया नुसत्या बघत राहिल्या. स्टेजवर आमचं घड्याळ टिकटिकत होतं आणि मुलगी त्याच्याशेजारी ताठ उभी होती. मांडव हळूहळू भरत होता. अकरा वाजत आले तरी साहेबांचा पत्ता नाही.

चेअरमन पूजा सांगणाऱ्या गुरुजींच्या कानाला लागले. गुरुजींनी तोडगा काढला, "समोरच्या घड्याळात अकरा वाजायच्या आत फीत कापली, म्हणजे मुहूर्त साधला." चेअरमननी पूजेच्या ताटातली उदबत्ती उचलली, विझवली आणि काडी सरळ आमच्या चाकात खुपसली. लंबक जरासा थरथरला आणि थांबला.

"काका, कावून बंद केलं?" मुलगी ओरडली.

"गप ऱ्हा बाळ. मुहूर्त टळला तर संघ बुडंल."

मी काडी उपसायला उठलो, तर दोन संचालकांनी दोन्हीकडून माझे खांदे दाबले. "बसा की मास्तर. पोरखेळ तर हाय."

साहेब आले ते जेवणाच्या वेळेला. घड्याळात अजून अकरा वाजायचे होते. फीत कापली, फोटो निघाला, टाळ्या पडल्या. साहेबांनी भाषणात मुहूर्त पाळल्याबद्दल संघाच्या शिस्तीचं कौतुक केलं. मांडवात निम्म्या लोकांच्या मनगटाला घड्याळं होती. एकानंही तिकडं बघितलं नाही. मला त्या टाळ्यांची अशी किळस आली की पंगतीला न बसता मी घड्याळ काखेत मारलं आणि मुलीला घेऊन घरी आलो. अंगणात ते उंचावर ठेवून काडी काढली, लंबकाला बोट लावलं, तर ते लगेच चालू झालं. ती मात्र बघायला आली नाही.

संघ बुडायचा तो बुडालाच. त्याच्या ऑफिसात आता रेशनचं धान्य ठेवतात. मुलगी शिकून इंजिनिअर झाली. गेल्या दिवाळीला ती आली होती, तेव्हा धान्य आणायला आम्ही दोघं तिकडं गेलो. दारात एक म्हातारा बसला होता. त्या दिवशी माझा खांदा दाबणाऱ्या दोघांपैकीच एक. आत भिंतीवर तो फोटो तसाच होता. नीट पाहिलं तर त्यात चाकातली काडीसुद्धा दिसते, पण बघतो कोण?

त्यानं मुलीला ओळखलं, फोटोकडं बोट केलं. "तुझंच ना गं ते घड्याळ? दिसायला लई झ्याक व्हतं. पर चालत न्हवतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तोच तिनं माझा हात दाबला.

"हां काका," ती म्हणाली, "न्हाई चाललं."