फॉर्मकाका आणि तीन हजारांचं उत्पन्न

फॉर्मकाका कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा ग्लास हातात येण्याआधी विचारायचे, "मार्कशीट कुठंय?" घरात बारावीचं मूल नसलं तर त्यांचा चेहरा पडायचा. मग ते पुतण्या-भाच्यांची चौकशी सुरू करत.

काका मूळचे नागपूरचे, मस्कतला एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर. पण मस्कतच्या आमच्या अल खौद भागात त्यांची ओळख वेगळीच. भारतात कॉलेजला जाणाऱ्या पोरांना मदत कुठून मिळेल, हे त्यांना पाठ होतं. शिष्यवृत्त्या, फी-सवलती, वसतिगृहं, ट्रस्ट, बिनव्याजी कर्ज. "पैसा आहे हो वहिनी," ते मला सांगत, "फक्त लाजरा आहे. हाक मारल्याशिवाय बाहेर येत नाही."

मला याद्या करायची सवय. त्यामुळे दर शुक्रवारी त्यांच्या हॉलमध्ये कागदपत्रं तपासायचं काम माझ्याकडे आलं. दाखला आहे, टिक. फोटो आहे, टिक. ऑनलाइन अर्ज नुकते सुरू झाले होते. काकांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती लागतच. "देव आहे की नाही यावर खुशाल वाद घाला," ते म्हणत, "झेरॉक्सवर नको."

रत्नागिरीकडचे इब्राहिमभाई इथल्या अल मवालेहच्या भाजी मार्केटात एका व्यापाऱ्याकडे कामाला होते. त्यांच्या शबानाची बारावी झाली होती आणि तिला रत्नागिरीला लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करायचा होता. फीचं जमलं नाही तर तिनं इथंच अल हैलमध्ये मामाच्या दुकानात काउंटरवर बसायचं, असं घरात ठरलं होतं. मामानं खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती.

आम्ही मुंबईच्या एका ट्रस्टकडे अर्ज केला. महिन्याभरात पत्र आलं, पूर्ण फी मंजूर! पुढच्या शुक्रवारी इब्राहिमभाईंनी सगळ्यांना हलवा वाटला. काका हलवा खात फाइलमधला अर्ज चाळत होते. एकदम त्यांचा घास थांबला.

"इब्राहिमभाई, वार्षिक उत्पन्न तीन हजार?"

"मग? खोटं कुठं हाय? महिन्याला अडीचशे, बारा महिने."

"रियाल! अर्ज रुपयांत आहे. मुंबईतल्या माणसाला वाटलं असेल, हे कुटुंब वर्षभर तीन हजार रुपयांत जगतंय. फीसोबत तांदूळ पाठवले नाहीत, हेच नशीब!"

त्या ओळीपुढची टिक माझीच होती. इतकी वर्षं इथं राहून पगार म्हटलं की डोळ्यांपुढे रियालच यायचे. मलाही आकडा खटकला नव्हता.

"पण आता मंजूर झालंय ना," मी पुटपुटले.

"खलास काका, झालं ते झालं, सोडून द्या," इब्राहिमभाई म्हणाले. "विचारलं तर सांगू."

"ज्या पोरीच्या बापाला खरंच काही मिळत नाही, तिची फी आपल्याकडे आलीय. चुकून आलीय, पण आलीय ना?" काकांनी तिथूनच मुंबईला फोन लावला. दुसऱ्या दिवशी मंजुरी रद्द. शबानानं काकांशी बोलणं टाकलं.

पुढचे तीन आठवडे काका ऑफिसातून आले की थेट फॉर्म भरायला बसत. खऱ्या आकड्यावर मोठी मदत मिळेना, तेव्हा त्यांनी छोट्या छोट्या मदती गोळा केल्या. गुणांवर अर्धी फी-सवलत, मुलींच्या स्वस्त वसतिगृहात जागा, ग्रंथालयात रोज दोन तासांचं काम आणि उरलेल्यासाठी गावच्या मुस्लिम जमातीचं बिनव्याजी कर्ज.

"गोधडी झाली," काका म्हणाले. "पण ऊब येईल."

काका निवृत्त होऊन नागपूरला परतले, त्याआधीचा हा त्यांचा शेवटचा फॉर्म. शबानाला निरोप द्यायला आम्ही विमानतळावर गेलो, तेव्हा ती इतक्या दिवसांनी काकांशी बोलली. अडखळत, मराठीत.

"काका, ते रद्द झालं ना, तेव्हा मी तुम्हाला खूप शिव्या दिल्या. मनात."

"कुठल्या भाषेत?"

"इंग्लिश. थोड्या हिंदी. मराठीत येत नाहीत."

काकांनी तिची बॅग उचलून ट्रॉलीवर ठेवली.

"रत्नागिरीला चाललीस ना? तिथं एक से एक शिकशील. पुढच्या वेळी मराठीत दे बाई, आणि तोंडावर दे."