साडूभाऊंची फवारणी

माझ्या साडूंइतका कान देऊन ऐकणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात सापडायचा नाही. फक्त तो कान माणसांसाठी नाही, इंजिनासाठी आहे. निमगाव केतकीत त्यांची डाळिंबाची बाग आहे आणि बागेच्या कडेला, पत्र्याच्या सावलीत, एक जुनी पेट्रोल गाडी. मी जळोचीहून फोन केला, की माझी खुशाली विचारायच्या आधी ते विचारतात, "पाव्हणं, मागनं कुणाची मोटारसायकल गेली? एक प्लग गेलाय तिचा." एका लग्नात वरातीची गाडी दारात आली, तेव्हा सगळे नवरदेवाकडे बघत होते आणि हे बॉनेटला कान लावून उभे.

कंपनीची यंत्रणा काढून साडूंनी गाडीत असा संगणक बसवला होता, की इंजेक्टरनं पेट्रोल नेमकं कधी फवारायचं, झडप उघडायच्या आधी की उघडल्यावर, हे लॅपटॉपवरून ठरवता येई. "डाळिंबावर औषध अवेळी मारलं तर वाया जातं, मग हितं न्हाय का?" असं म्हणून ते तासन्‌तास आकडे बदलत बसत. गाडी हाकायला मी. "अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलवू नका, पाव्हणं!" ते ओरडत, आणि समोरून म्हशींचा तांडा येत असे.

आक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या गाडीत बसत नसत. कमी वेगात ती असे हिसके देई, की आक्का एस्टीनंच इंदापूरच्या बाजाराला जात. "माझं गुडघं कवापासनं दुखतंय ते ह्यांना ठावं न्हाय," त्या म्हणत, "गाडी कवा शिंकली ते इचारा."

त्याच गुडघ्याचं बारामतीत ऑपरेशन झालं. घरी न्यायच्या दिवशी मी भाड्याची गाडी बघतो म्हणालो, तर साडूंचा चेहरा एवढासा झाला. शेवटी आक्काच म्हणाल्या, "चला, बसते." मागच्या सीटवर पाय लांब करून त्या बसल्या, स्टिअरिंगवर मी, शेजारी साडू, मांडीवर लॅपटॉप. पहिल्याच गतिरोधकाला गाडीनं हिसका दिला. "आई गं!" आक्का कळवळल्या.

साडू लॅपटॉपवर वाकले. एक आकडा बदलला, ऐकलं, पुन्हा बदलला. फवारणी थोडी अलीकडे, मग अजून थोडी. लासुर्ण्याच्या आसपास हिसके थांबले. मी मुद्दाम वेग कमी केला. गाडी साईसारखी सरकत राहिली. आरशात पाहिलं, तर आक्का झोपल्या होत्या. "आता न्हाय हात लावत," साडू कुजबुजले.

दारात पोचताच आक्का जाग्या झाल्या आणि एकट्याच पाय खाली टाकायला निघाल्या. "थांब, थांब!" करत साडूंनी शेजारून हात घालून घाईनं किल्ली फिरवली आणि धावत जाऊन त्यांना धरलं. तो आकडा सेव्ह करायचा राहिला होता. इंजिन बंद झालं, तसा तो पुसला गेला. संध्याकाळी ध्यानात आलं, तेव्हा ते "गेलं" एवढंच म्हणाले.

तो आकडा त्यांना अजून सापडलेला नाही. आक्का आता चालू लागल्यात. संध्याकाळी दोघं गाडी काढून लासुर्ण्याच्या रस्त्याला लागतात. परवा मी मागं बसलो होतो, साडू स्टिअरिंगवर, आक्का शेजारी. कडेला थांबून साडूंनी आकडा बदलला, पुन्हा निघाले आणि विचारलं, "त्या दिवसासारखं वाटतंय का गं?"

गाडी मला तरी अगदी सुरळीत वाटत होती. आक्का खिडकीबाहेर उसाकडे बघत होत्या.

"जवळ आलंय," त्या म्हणाल्या. "आजून जरा पुढं जाऊ."