पाणी लागलं काय?

कोणतीही फाइल हातात आली की वानखडेबाबू आधी विचारत, “पाणी लागलं काय?” फाइल पेन्शनची असो की शाळेच्या छपराची, प्रश्न हाच. अमरावतीच्या कचेरीत मी कारकून म्हणून रुजू झालो तेव्हा या प्रश्नाला पोट धरून हसलो आहे. त्याची आजही लाज वाटते.

आमच्याकडे छापील उत्तरांचे गठ्ठे असत. ‘आपला अर्ज मिळाला. योग्य ती कार्यवाही होत आहे.’ अर्जदाराचं नाव भरायचं, उत्तर टपालात टाकायचं आणि अर्जावर ‘निकाली’चा शिक्का मारायचा. उत्तर गेलं की प्रकरण संपलं, असा नियमच होता. काम झालं की नाही, हे कुठल्याच रजिस्टरात लिहीत नसत.

एकदा चहा पिताना मी त्यांना त्या प्रश्नाबद्दल छेडलं. ते खाली बघत बोलले. त्यांची थोरली बहीण चांदूर बाजारकडच्या एका खेड्यात राही. बौद्ध झाल्यापासून वस्तीला गावची विहीर बंद झाली होती. बाया नाल्यात झिरे खणून पाणी भरत. वस्तीने नव्या विहिरीसाठी अर्ज केला. त्याला उत्तर पाठवलं आणि शिक्का मारला, तो वानखडेबाबूंनीच. बहिणीने कागद वाचून घेतला आणि घरोघरी सांगितलं, सरकारनं विहीर दिली. मग विचारायला कचेरीत कोणी आलंच नाही. पुढच्या उन्हाळ्यात नाल्याच्या पाण्याने पटकी आली आणि बहीण गेली. तो कागद तिच्या घरी बुद्धाच्या तसबिरीमागे नीट घडी करून ठेवलेला सापडला.

“तिले वाटलं कागद आला म्हणजे विहीर आली,” ते म्हणाले. “अन् मले वाटलं, वर कोणी तरी पाहून राहिलं असन. कोणीच पाहत नव्हतं ना, भाऊ!”

त्या बोलण्यानंतर महिनाभर बसून त्यांनी साहेबांना चार पानी सूचना लिहिली. छापील उत्तराला निकाल धरू नये. कोणी गावात जाऊन काम डोळ्यांनी पाहत नाही, तोवर अर्ज बाकीतच ठेवावा. साहेबांनी ती चाळली आणि विचारलं, “वानखडे, मग महिन्याच्या तक्त्यात बाकी किती दिसेल?”

“जेवढी हाये तेवढी दिसन, साहेब.”

पंधरा दिवसांनी उत्तर निघालं, तेच छापील. नाव तेवढं वानखडेबाबूंचं. ते टपालात टाकायचं काम माझ्याकडे आलं. शिक्का हातात घेऊन मी घुटमळलो. समोरच्या टेबलावरून ते म्हणाले, “कावून थांबून राहिला? मार. नियम हाये.” मी मारला.

लवकरच त्यांची अकोल्याला बदली झाली. तीन वर्षांनी तिथेच ते गेल्याचं कळलं. मी घरच्यांना भेटायला गेलो. त्यांच्या पत्नीने बुद्धाच्या तसबिरीमागून एक कागद काढला. मी लगेच ओळखला.

“मले वाचता नाही येत,” त्या म्हणाल्या. “सरकारचं उत्तर हाये, एवढंच सांगत होते. त्यायचं काम झालं काय, भाऊ?”

त्यांच्या सूचनेवरचा शिक्का माझ्याच हातचा होता. खरं सांगायला माझी जीभ रेटेना.

“होऊन जाईल, वहिनी,” मी म्हणालो.

त्यांना बरं वाटलं. कागदाची घडी घालून त्यांनी तो परत तसबिरीमागे ठेवला.