चहा न विचारणारी जागा

सकाळी आठ ते अकरा हा वेळ आमच्या घरात सासूबाईंचा असायचा. आठच्या ठोक्याला सासरे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बुटांवरून फडकं फिरवून गल्लीच्या टोकाच्या वाचनालयात निघायचे. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे या जाण्याला ते 'ड्यूटी' म्हणायचे. त्यांची पाठ वळली की सासूबाई रेडिओ लावायच्या, मोठा. मग भाजी निवडत निवडत रेडिओतल्या बाईशी वाद घालायच्या. मी फलटणची, लग्न होऊन सांगलीत आले. या घराचं गाडं त्या तीन तासांवर चालतं, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. ते दोघंही अकरानंतर एकमेकांशी फार गोड बोलायचे.

गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी सासरे साडेआठलाच परत आले. सासूबाईंनी रेडिओ बंद केला.

"का वं, लवकर?"

"बंद व्हनार म्हनं. दाराला नोटीस लावलीया."

वाचनालयाची इमारत पाडून तिथं नवी उभी राहणार होती. कमिटीतली मंडळी थकली होती, नवे सभासद येत नव्हते. जाड ग्रंथ एका कॉलेजला द्यायचे ठरले होते. कादंबऱ्या, दिवाळी अंक, पेपरांचं लांब टेबल आणि बाकडी मात्र कुणालाच नको होती.

महिनाअखेरीस वाचनालयाला कुलूप लागलं आणि सासरे घरात राहू लागले. फौजी माणूस, नुसता बसणार कसा? त्यांनी स्वयंपाकघराची तपासणी सुरू केली. डबे उंचीप्रमाणे लावले. कांदा असा चिरू नये, तसा चिरावा, हे सांगितलं. गॅस बारीक केला. तिसऱ्या दिवशी सासूबाई माझ्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"पोरी, फ्रिजवर तुजी ती यादी असती न्हवं? त्यात लिव. ह्यास्नी घराभाईर काडायचं."

माझ्या यादीत तेव्हा गिझरची दुरुस्ती, गव्हाला ऊन आणि मुलाच्या परीक्षेचा फॉर्म एवढं होतं. मी ते सगळं खाली सरकवलं आणि हे वर घेतलं. कामं सोपी करून बघायची मला सवय आहे. आमच्यापुढे अडचणी दोन होत्या. टेबल-पुस्तकांना जागा नव्हती आणि सासऱ्यांना टेबल नव्हतं. आमचा पोर्च रिकामा, सावलीतला, पंख्याची सोय असलेला. म्हणजे झालंच की! कमिटीनं तर आनंदानं हातच जोडले.

सांगलीतल्या नदीकडच्या गल्ल्यांना सामान हलवायला शिकवावं लागत नाही. पाणी चढतंय अशी बातमी आली की कुणाचा फ्रिज कुणाच्या माडीवर जायचा, हे आमच्याकडे ठरलेलं असतं. त्या रविवारी वाचनालयाच्या दारापासून आमच्या पोर्चपर्यंत माणसांची रांग आपोआप लागली. गठ्ठे हातोहात येऊ लागले.

"पानी कुठवर आलं रं?" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"दिवाळी अंकांपतूर!"

"मग पळा, आता कादंबऱ्या बुडत्यात!"

हसण्याच्या नादात एक गठ्ठा सुटला आणि रस्ताभर पाककृती पसरल्या. समोरचे हळदीचे व्यापारी काका, जैन समाजातले, एरवी कुणाच्या अध्यात-मध्यात नसतात. तेही धोतर आवरून रांगेत उभे राहिले.

सोमवारी पोर्च भरला. म्हातारी मंडळी बाकड्यांवर बसून पेपर वाचत होती आणि सासरे मध्ये उभं राहून पानं वाटत होते. सासूबाईंनी खिडकीतून बघितलं.

"दारात मानसं बसल्याती आनि कोरडी?"

चहा बाहेर गेला. मंगळवारी पोहे. बुधवारी शिरा. गुरुवारी माणसं निम्मी झाली. पुढच्या आठवड्यात पोर्चमध्ये एकटे सासरे होते, बंडी आणि लुंगीत, दाढी वाढलेली, पायरीवर पेपर पसरून. मी म्हटलं, "आण्णा, आज दाढी नाही केली?"

"दारातल्या दारात ड्यूटीवर कसं जायाचं, पोरी? भाईर पडल्यावर बूट. इथं कशाला बूट?"

हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. दुपारी ते जेवलेही कमी. सासूबाईंचा रेडिओ बंदच होता. त्या आता तक्रारही करत नव्हत्या, नुसत्या मधूनमधून पोर्चकडे बघत होत्या. यादीतल्या त्या ओळीवर मी केव्हाच रेघ मारली होती. ती ओळ पुन्हा लिहावी लागली.

शनिवारी मंडईत मला एक निवृत्त एसटी कंडक्टर भेटले, पोर्चमध्ये पहिले तीन दिवस येऊन गेलेले. मला बघून ते वांग्यांच्या ढिगाआड वळले. मी ढिगाच्या दुसऱ्या बाजूनं गेले.

"काका, येत नाही हल्ली?"

"आवं ताई, रोज कसं यायाचं? आज पोहं, उद्या शिरा. मानसानं पेपर वाचायला यावं का पाहुनचाराला? आमची मंडळी म्हनती, रोज लोकांच्या घरी खाऊन येताय, लाज हाय का न्हाई?"

"मग खाऊ नका."

"ताटली म्होरं आल्यावर न्हाई म्हनायचं? वहिनीस्नी वाईट वाटंल." त्यांनी एक वांगं उचलून परत ठेवलं. "वाचनालयात कसं, कोन कुनाला काय इचारायचं न्हाई. यावं, बसावं, जावं. लय बरं वाटायचं बगा."

मी सावली बघितली होती, उजेड बघितला होता, वाळवीचं औषध मारून घेतलं होतं. हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, चहा देऊ नका.

"दारात आलेल्या मानसाला इचारायचं न्हाई? मग दार तरी कशाला ठिवलंय?"

त्यांचं बरोबरच होतं. जागाच चुकली होती.

आता जागा हवी होती ती कुणाचं घर नसलेली, बूट घालून जावं लागेल अशी, आणि कुणी काही न विचारणारी. मी खिडकीशी उभी राहून विचार करत होते आणि समोर हळदीवाल्या काकांचं जुनं गोडाऊन दिसत होतं. धंदा मार्केट यार्डात गेल्यापासून रिकामं, पुराच्या धास्तीनं कंबरभर उंच जोत्यावर बांधलेलं. रस्ता ओलांडून मी लगेच गेले.

"पुढची खोली? घ्या की," काका म्हणाले. "पण सुभेदार तिथं आम्हालाच हुकूम सोडतील."

"सोडतील."

"आणि हे बघा सूनबाई, आधीच सांगतो. चहापाण्याचं मी काही बघणार नाही. मला वेळ नाही, आमच्या घरात कुणाला सवड नाही."

"काका, मला नेमकं तेच पाहिजे!"

सांगलीत असं मागणं त्यांच्याकडे बहुधा पहिल्यांदाच आलं असावं.

पुढच्या रविवारी तीच रांग, तेच गठ्ठे, या वेळी रस्त्याच्या पलीकडे. "पानी परत आलं व्हय?" म्हणून विचारून झालं. या वेळी सासूबाई पदर खोचून रांगेच्या मध्ये उभ्या होत्या आणि सगळ्यांत जोरात त्याच हाका मारत होत्या. पेपरांचं मी असं लावून दिलं की ज्या घरी पेपर येतो त्या घरानं वाचून तो आठपर्यंत तिथं पोचवायचा. कुलपाची किल्ली सासऱ्यांकडे. त्यांनी फळ्यावर स्वतःच्या अक्षरात दोन नियम लिहिले. इथे कोणी कोणास चहा विचारू नये. शब्दकोडे सोडवून पेपर पाठवू नये.

दुसरा नियम रोज मोडतो. त्यावरून रोज भांडण होतं आणि त्यासाठी कंडक्टरकाका सगळ्यांच्या आधी येऊन बसतात.

त्या खोलीच्या भिंतींतून हळद अजून गेलेली नाही. पेपरांच्या कडा पिवळ्या होतात, सासऱ्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्याही. सासूबाई त्या घासताना म्हणतात, "ह्या वयात रोज हळद लागतीया नवरदेवाला," आणि रेडिओ आणखी मोठा करतात.

काल मी घरीच होते. अकरा वाजता बुटांचा आवाज पायऱ्यांवर आला. सासूबाईंनी रेडिओ बंद केला आणि कुणी काही विचारायच्या आधीच आधण ठेवलं. सासऱ्यांनी बूट काढून जागेवर ठेवले, खुर्चीत बसले आणि आत आवाज दिला,

"अगं, चहा हाय का?"

"हाय की," त्या आतून म्हणाल्या. "आता कसं, घरी आलाय."