स्कार्फ काढून ठेवण्याची पद्धत

आमच्या शाळेत शिष्यवृत्ती घेताना स्कार्फ काढून ठेवण्याची पद्धत होती. शाळा श्रीवर्धन आणि दिवेआगरच्या मधल्या एका गावात आहे. स्काउट-गाइड पथकातल्या एका मुलाला किंवा मुलीला माजी विद्यार्थी संघ दरवर्षी बारावीनंतरच्या शिक्षणाचा खर्च देतो. लिहिलेली अट एकच, स्काउट-गाइडचा राज्य पुरस्कार मिळवलेला असावा. न लिहिलेली अट अशी की व्यासपीठावर देणगीदाराच्या पाया पडायचं.

गणवेशातला स्काउट सलाम करतो, पाया पडत नाही. ही अडचण आमच्या स्काउटच्या सरांनी फार पूर्वी सोडवली. नाव पुकारलं की पडद्याआड स्कार्फ काढून सरांच्या हातात द्यायचा, वर जाऊन वाकायचं, पाकीट घ्यायचं, खाली येऊन स्कार्फ पुन्हा बांधायचा. स्कार्फ नाही म्हणजे गणवेश पूर्ण नाही, आणि गणवेश पूर्ण नाही म्हणजे नियमही मोडला नाही, असं सरांचं म्हणणं. मी गाइड पथकात होते, मीही तसा काढला होता. त्या पाकिटावर माझं कॉलेज झालं. पुढे मुंबईत वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी केली आणि निवृत्तीनंतर गावी परतले. सर तोवर शाळेतून निवृत्त होऊन संघाचे अध्यक्ष झाले होते, पथकाला शिकवायला मात्र अजून येत. त्यांनी मला समारंभाचा अहवाल लिहायचं काम दिलं.

त्या वर्षी निवड झालेली मुलगी गाइड पथकाची संघनायिका होती. हरिहरेश्वरला देवळामागच्या खडकांवरून प्रदक्षिणेची वाट जाते. भरतीच्या वेळी ती वाट धोक्याची असते, तरी पर्यटक फोटोसाठी उतरतात. ही मुलगी आणि तिच्या पथकातल्या मुली सुट्टीच्या दिवशी पायऱ्यांवर दोर आणि शिट्ट्या घेऊन उभ्या राहत आणि भरती असेपर्यंत कुणाला खाली जाऊ देत नसत. लोक त्यांना शिव्या घालत. राज्य पुरस्काराच्या नोंदवहीत तिने या कामाबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या. पुण्याच्या एका नर्सिंग कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. फी शुक्रवारपर्यंत भरायची होती. समारंभ आदल्या रविवारी होता.

मी व्यासपीठाच्या बाजूला, पडद्याजवळ बसले होते. सरांनी हात पुढे केला.

"दे."

"काय सर?"

"स्कार्फ. वर जायचंय ना?"

"घालूनच जाते सर."

तेवढ्यात नाव पुकारलं गेलं आणि ती वर गेली. देणगीदार आमच्याच शाळेचे, आता उरणकडे ट्रकचा धंदा करणारे. आपणही या पथकात स्काउट होतो, असं त्यांनी भाषणात दोनदा सांगितलं होतं. आशीर्वादासाठी त्यांचा उजवा हात थोडा वर आला होता. मुलीने तीन बोटांचा सलाम केला आणि हस्तांदोलनासाठी डावा हात पुढे केला. स्काउट एकमेकांशी डाव्या हाताने हात मिळवतात. पथकात पहिल्या आठवड्यात हे शिकवलं जातं. पण आमच्या व्यासपीठावर आजवर कुणी ते केलेलं नव्हतं, कारण तिथे पोहोचेपर्यंत कुणाच्या गळ्यात स्कार्फच नसे.

देणगीदारांनी हात मागे घेतला. सर लगबगीने वर गेले. "अगं, उजवा कर पुढे."

"तुम्हीच शिकवलंत ना सर, डावा म्हणून."

मागच्या रांगांतली मुलं हसली. ती हसली नसती तर कदाचित प्रकरण तिथेच मिटलं असतं. देणगीदारांनी पाकीट खिशात ठेवलं आणि माइक सुरू आहे हे लक्षात न घेता विचारलं, "घरीपण डाव्याच हाताने घेतेस का गं सगळं?" मुलगी हात तसाच पुढे धरून उभी राहिली. मग तिने तो खाली घेतला, पुन्हा सलाम केला आणि पायऱ्या उतरली.

संध्याकाळी समितीची बैठक झाली. मुलीने बुधवारपर्यंत लेखी माफी द्यावी, नाहीतर शिष्यवृत्ती रद्द, असं ठरलं. मसुदा मी लिहावा असं सर म्हणाले. "तू पेपरात होतीस. तुला शब्द सापडतात."

सोमवारी तिच्या घरी गेले. आई एका वाडीत सुपारी सोलायला जाते, ती नुकतीच परतली होती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, त्याखाली मुलीचा गणवेश इस्त्री करून टांगलेला.

"बसा ताई," आई म्हणाली. "माफी आणलीत म्हनं."

"अजून लिहायची आहे."

"तिला इचारा. माझं काय न्हाय. मी दिवसभर दोन्ही हातांनी सुपारी सोलते. कुठली कुठल्या हाताची, मालकानं कधी इचारलं न्हाय."

मुलगी चहा घेऊन आली. तिचा आवाज शांत होता. "माझं काय चुकलं ते तुम्ही लिहा. पटलं तर सही करते."

मी वही उघडली. वर्तमानपत्रात चुकीची दुरुस्ती छापण्याची एक रीत असते. आधी काय चुकलं ते एका वाक्यात, मग बरोबर काय ते दुसऱ्या वाक्यात, आणि शेवटी दिलगिरी. पहिलं वाक्य लिहिता आलं नाही तर दुरुस्ती छापत नाहीत. अशा दुरुस्त्या मी अनेक वर्षं लिहिल्या होत्या. त्या दिवशी पहिलं वाक्य तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. चौथ्यांदा लिहायला घेतलं नाही.

"न्हाय ना जमत?" आईने विचारलं.

"नाही."

"मग चहा तरी प्या. गार व्हतोय."

माफीऐवजी मी घडलेल्या प्रसंगाचा वृत्तान्त लिहिला. एक पान झालं. कोण काय बोललं, कोणत्या क्रमाने, हस्तांदोलनाचा नियम काय आहे आणि स्कार्फ काढून ठेवण्याची पद्धत कुणी सुरू केली. विशेषण एकही घातलं नाही. बुधवारी ते पान समितीपुढे वाचलं.

वाचून झाल्यावर सर म्हणाले, "स्कार्फचं वाक्य काढ."

"त्यात चूक आहे का सर?"

"चूक नाही. पण ते मी तुझ्यासाठीच केलं होतं. पहिली तूच होतीस. त्या वेळचे देणगीदार कसे होते तुला माहीत नाही. वाकली नसतीस तर तुझं शिक्षण थांबलं असतं."

हे खरं होतं. मी पेन काढून तेही वृत्तान्तात घातलं आणि ते वाक्य वाचून दाखवलं. मग मतदान झालं. शिष्यवृत्ती रद्द करण्याच्या बाजूने सगळे हात वर गेले, सरांचा सगळ्यांत शेवटी. वृत्तान्त इतिवृत्तातून वगळावा असा दुसरा ठराव आला. समितीला वगळायचा तर वगळावा, मी तो मागे घेणार नाही, असं सांगून मी उठले. सर दारापर्यंत आले. "हट्टी होतीसच तू," म्हणाले. मी नमस्कार केला, उभ्यानेच.

अहवालाच्या कामासाठी मी आधीच्या शिष्यवृत्तीधारकांची यादी जमवली होती. त्यातल्या चार मुलींना, म्हणजे आता चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना, त्याच दुपारी फोन केले. प्रत्येकीला पहिला प्रश्न एकच विचारला. स्कार्फ काढला होतास?

ठाण्यात परिचारिका असलेली म्हणाली, "काढला होता. परत घेतला तेव्हा दमट होता. सरांच्या हाताला घाम आलेला." महाडची शिक्षिका म्हणाली, "काढला, आणि घरी येऊन आईला सांगितलं की सलाम केला." तिसरीने पैसे कुठे पाठवू एवढंच विचारलं. चौथी म्हणाली, "सर दुखावतील गं. पैसे देते, पण माझं नाव नको घेऊस." तिचं नाव घेतलं नाही. आम्ही पाचजणींनी मिळून तिची फी भरायचं ठरवलं.

मुलीला सांगितलं तेव्हा तिने लगेच होकार दिला नाही.

"कुणाला भेटायला जावं लागेल?"

"नाही."

"फोटो? पेपरात बातमी?"

"नाही."

"आणि पुढच्या वर्षी तुम्हाला नाही जमलं तर?"

"तर आधी सांगू."

"चालेल," ती म्हणाली. "पण माझी कमाई सुरू झाली की मीपण या कामात. हे आत्ताच ठरलं पाहिजे."

तिची अट आम्ही मान्य केली.

गुरुवारी ती, तिची आई आणि मी ताम्हिणी घाटातून पुण्याला गेलो. शुक्रवारी सकाळी कॉलेजच्या खिडकीपुढे रांग मोठी होती. फीच्या अर्जावर एक रकाना होता, पैसे भरणाऱ्या व्यक्तीचं विद्यार्थ्याशी नातं. मुलीने तिथे 'गाइड' लिहिलं.

कारकुनाने चष्मा वर सरकवला. "गाइड हे नातं नाही. मावशी लिहा, आत्या लिहा."

"मावशी नाहीत त्या."

"अहो, सगळे लिहितात. कोण बघतंय?"

"मी सही करणार आहे ना खाली," ती म्हणाली.

मागचा माणूस पुढे वाकून अर्ज वाचू लागला. कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी फीचे पैसे बाहेर काढले. त्याने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "ती म्हनते ते बरोबर हाय साहेब."

त्याने अर्ज दोनदा उलटापालटा केला, शिक्का मारला आणि पावती फाडून खिडकीतून बाहेर सरकवली. रकान्यात तिने लिहिलेलं होतं तेच राहिलं.