बारा सेंटीमीटरची पट्टी

गिटार घरात येऊन चार मिनिटंही झाली नव्हती आणि मी पिक तिच्या पोटात पाडलं. पिक म्हणजे तारा छेडायला चिमटीत धरतात तो प्लास्टिकचा तिकोनी तुकडा. वय वर्षं बावन्न, आयुष्यातली पहिली गिटार, पहिलाच सूर… आणि टक्! गेलं आत.

पुढचं सांगण्याआधी एक कबूल करतो. या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलोय. रात्री हायवेवर पांढऱ्या साडीतली बाई भेटल्याचं कुणी लिहिलं, की मला आधी त्या साडीच्या इस्त्रीचं कौतुक वाटतं. माझा विश्वास एक्सेल शीटवर. त्यामुळे आज स्वतःच इथे लिहायला बसलोय याची थोडी लाज वाटतेय. हसा बिनधास्त, माझी हरकत नाही.

आम्ही दिल्लीत मयूर विहारला राहतो, सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावर. मी नोएडाला एका आयटी कंपनीत आहे. बायको माधवी इथल्याच एका शाळेत गणित शिकवते. मूळची साताऱ्याकडची, पण वाढली दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये, वडील फौजेत सुभेदार होते म्हणून. मुलगी बंगलोरला. ती गेल्यावर घर इतकं शांत झालं की मी फ्रिजशी बोलायला लागलो. तेव्हा माधवीच म्हणाली, "अहो, काहीतरी शिका. पण शेजारच्या खुरानांना ऐकू जाईल असं काही नको."

म्हणून सेमी-हॉलो इलेक्ट्रिक गिटार. अर्धी पोकळ. मधोमध भरीव लाकडाचा ठोकळा, दोन्ही बाजूंना एकेक पोकळी, आणि प्रत्येक पोकळीवर वेलांटीसारखं लांबट भोक. वायर न लावता वाजवली तर आवाज खोलीबाहेर जात नाही. पूर्ण भरीव गिटार तशी वाजवली तर जवळजवळ मुकीच वाटते. मला अर्धी पोकळ वस्तू आपलीशी वाटली, कारण ऑफिसात माझं अप्रेझल साधारण याच शब्दांत होतं.

गिटार ठरली तरी प्रश्न सुटेनात. आवाज थरथरवणारी दांडी हवी का? ओढली की आवाज पातळ होतो ती खुंटी हवी का? तारा पिळायच्या किल्ल्या सोनेरी की चंदेरी? कडेला पांढरी पट्टी? मी एक्सेल शीट केली. एकोणीस ओळी, सहा रकाने. एका रविवारी ती प्रिंट घेऊन आम्ही दुकानात गेलो. तिथल्या सरदारजींनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "सर, बजानी भी है या सिर्फ़ ऑडिट करना है?"

माधवी तोवर एका स्टुलावर बसून मोबाइल बघत होती. शेवटचा प्रश्न भोकांचा निघाला. सरदारजी म्हणाले, "बिना होल वाली भी बनती है सर. धूल नहीं जाती, पिक नहीं गिरती. आपके लिए बेस्ट." आपल्याला माणूस कळतो, हे त्यांनी दहा मिनिटांत सिद्ध केलं होतं. मी 'बिना होल'वर टिक करणार, एवढ्यात माधवी उठली. नमुन्याच्या गिटारीजवळ गेली, वाकून कान त्या भोकाशी नेला आणि म्हणाली, "भोकांचीच घ्या."

"का गं?"

"नसली तर आत काही टाकता कसं येणार?"

"गिटारीत काय टाकायचंय? मटार?"

ती हसली नाही. मी मुकाट्याने भोकांवर टिक केली. दांडी, खुंटी, सोनेरी किल्ल्या – सगळं विसरलो. त्या प्रिंटवर टिक फक्त तेवढी एकच.

आठ आठवड्यांनी, मार्चमधल्या एका रविवारी सकाळी अकराला खोका घरी आला. फॅक्टरीतून थेट. टेप मी कापली, फोम मी काढला, गिटारीवरची प्लास्टिकची पिशवीही मीच फाडली. माधवी स्वयंपाकघरात चहा करत होती. आणि मग ते, वर सांगितलेलं, टक्.

ती कप घेऊन आली तेव्हा मी पलंगावर उताणा, गिटार पोटावर पालथी, आणि मी ती चाळणीसारखी हलवतोय.

"पाडलंत?"

"सरदारजींचा शाप आहे."

वरच्या भोकातून माझं नारिंगी पिक गादीवर पडलं. लेकीने डझनभर पाठवली होती, त्यातलं. मी गिटार सरळ करायला गेलो, तर खालच्या पोकळीत पुन्हा टक् झालं. त्या बाजूला मी काहीच पाडलं नव्हतं, आणि दोन्ही पोकळ्यांच्या मध्ये तो ठोकळा आहे. मी परत हलवली. खालच्या भोकातून दुसरं पिक पडलं. पारदर्शक प्लास्टिक, जुनं होऊन पिवळसर पडलेलं. दोन कोपरे घासून गोल केलेले, एक टोक निमुळतं. कडेला बारीक काळ्या रेघा आणि वर आकडे – १३, १४.

"बघ, फॅक्टरीतल्या कुणा कारागिराचं पडलं असणार," मी म्हणालो. "जुगाड बघ! कंपासपेटीतल्या पट्टीचं केलंय."

माधवीने कप खाली ठेवला. तो तुकडा उचलला, खिडकीपाशी नेला, पालथा केला. मग माझ्याकडे वळली.

"हे तुम्ही केलंत?"

"काय?"

"खरं सांगा. ही चेष्टा असेल तर मी… मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही."

पंचवीस वर्षांच्या संसारात हा आवाज मी ऐकला नव्हता. मी चेष्टेखोर आहे, सगळ्या नातेवाइकांत बदनाम आहे. पण मी काय केलं असं तिला वाटतंय, हेच मला कळेना. "माधवी, शपथ. मला काही म्हणजे काही माहीत नाही." ती माझ्या कानांकडे बघत राहिली. मी खोटं बोललो की माझे कान लाल होतात, असं तिचं म्हणणं. बराच वेळ बघून ती आत गेली आणि शिवणाचा डबा घेऊन आली.

त्या डब्यात तिची एक पट्टी असते. शाळेतली, पंधरा सेंटीमीटरची, पण पुढचं टोक तिरपं कापलेलं. बाराच सेंटीमीटर उरलेली. या पट्टीवर मी आयुष्यभर विनोद केले. 'गणिताची बाई आणि बारा सेंटीमीटरची पट्टी! तुझ्या शाळेतली मुलं म्हणूनच बुटकी.' एकदा तर नवी पट्टी आणून ही कचऱ्यात टाकली होती. तिने ती काढली, धुतली आणि परत डब्यात ठेवली. मला तेव्हाही काही विचारायचं सुचलं नाही.

तिने तुकडा पट्टीच्या टोकाला लावला. कापाची रेघ वेडीवाकडी होती, मध्ये एक खाच होती. खाचेत खाच बसली. काप १२ या आकड्यातून गेला होता. पट्टीवर नुसता १ होता, तुकड्यावर २.

मग ती बोलली. पलंगाच्या कडेला बसून, पट्टीकडे बघत.

तिचा मोठा भाऊ अवीदादा. तो लहानपणीच गेला, एवढंच मला ठाऊक होतं. तिच्या माहेरी त्याचा विषय कुणी काढत नसे. ती नववीत, तो अकरावीत. गिटारचं वेड. दोघांत अबोला झाला की त्यांची एक पद्धत होती – ज्याची चूक त्याने चिठ्ठी लिहून दादाच्या गिटारीच्या भोकात टाकायची. दुसऱ्याने गिटार हलवून ती काढायची. वाचली की अबोला संपला.

"भूमितीच्या पेपरच्या आदल्या दिवशी त्याने माझी पट्टी कापली. पिक हवं होतं म्हणून. मी इतकी चिडले! म्हटलं, माझी पट्टी परत दिल्याशिवाय माझ्याशी बोलायचं नाही. तीन दिवस तो मागे मागे करत होता. मी तोंड फिरवून बसायची. चौथ्या दिवशी सकाळी गिटार पाठीला लावून सायकलवरून मुनिरक्याला मित्राकडे निघाला. दारातून म्हणाला, 'माधे, जातो गं.' मी बोलले नाही."

वाटेत ट्रकने उडवलं.

"त्याच्या खिशातलं सामान आणलं तेव्हा मी बाबांना विचारलं, त्यात पट्टीचा तुकडा आहे का? त्यांना वाटलं, पोरीला त्या घडीला पट्टीची पडलीय. त्यांनी मला मारलं. आयुष्यात एकदाच." तिने पट्टी मांडीवर ठेवली. "तुकडा नव्हताच त्यात. गिटारीचा तर चुराच झाला होता."

मी तिचा हात धरला. "पट्टीवरून मी इतकं…" एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "तुम्हाला कुठे माहीत होतं."

ती आत जाऊन पडली. मी गॅलरीत जाऊन दुकानात फोन लावला. सरदारजी वैतागले, "सर, पीस एकदम नया था. सील आपने खुद तोड़ी. अंदर कुछ होता तो क्वालिटी चेक में ही बज जाता." मी मग नवी एक्सेल शीट उघडली. पहिला रकाना 'शक्यता'. कारागीर, मी, माधवी, शिवणाचा डबा… एकेक लिहून एकेक खोडलं. आज चार महिने झाले. ती शीट अजून डेस्कटॉपवर आहे आणि तो रकाना अजून रिकामाच आहे.

संध्याकाळी माधवी उठून बाहेर आली. डोळे सुजलेले, पण केस नीट विंचरलेले. तिने तो पिवळट तुकडा माझ्या हातात दिला.

"वाजवा."

"अगं, मला येत नाही."

"माहितेय. वाजवा."

मी गिटार मांडीवर घेतली. अँप्लिफायर नाही, वायर नाही. घट्ट चिमटीत धरून सहा तारांवरून एकदा तुकडा फिरवला. सूर चुकलेलाच होता, पण आवाज मऊ आला. जेमतेम आम्हा दोघांपुरता. माधवी खाली बसली आणि दुकानात वाकली होती तशीच वाकून तिने कान भोकाशी नेला. सूर विरेपर्यंत तशीच राहिली. मग म्हणाली, मला नाही, आत –

"दिलीस ना परत? मग बोल आता, दादा."